चांदीच्या कानातला उजेड

चूक माझी हुती. हे आधीच सांगून टाकते, म्हंजी मागनं कोनी म्हनायला नको की झुंबरबाईनं गोष्ट आपल्या सोयीनं सांगितली. आन मधी मधी बोलू नका. मला बोलताना तोडलेलं खपत न्हाई, आमच्या ह्यांना बी म्हाईत हाय.

आमची वाडी राहात्याच्या जवळच. वाडीच्या पुढं डाक्टरकीचं एक मोठं कॉलेज हाय आन त्याच्या मागच्या अंगाला शेळ्यांचा गोठा. सहा शेळ्या, सगळ्या संगमनेरी. त्यांचं चारापानी, झाडलोट, दुखनंखुपनं समदं माझ्याकडं. जल्म शेळ्यांमागं गेलाय माझा. कॉलेजवाले शेळीला ताप हाय का न्हाई ते यंत्र लावून बघत्यात. मी नुसता कान धरते. पहिल्या महिन्यातच वाल्मिक सरांना, म्हंजी तिथल्या मोठ्या सरांना, मी तीन डाव आधी सांगितलं की ही शेळी बिघडली. तिन्ही डाव यंत्रानं मागनं माझीच री ओढली. तवापासनं सर मला 'झुंबरबाई' म्हनायला लागले, त्याच्या आधी 'अहो' म्हनायचे.

सरांच्या हाताखाली सिमरन. सिमरन म्हंजी अजीजभाई शेखाची थोरली. अजीजभाई शेळ्यांचा व्यापारी, राहात्याच्या बाजारात आमचा लई वर्सांचा सौदा. असला चिकट मानूस मी दुसरा पाह्यला न्हाई! सौदा आमी जुन्या पद्धतीनं करतो. हातांवर रुमाल टाकायचा आन रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा, जितकी बोटं तितका आकडा. वर तोंडानं काय बी बोला, शिव्या घाला, देवाची आन घ्या, ते समदं वाऱ्यावर. बोटांनी दिला तो शब्द. तो ज्यानं फिरवला त्याच्या रुमालाखाली परत कोनी हात घालत न्हाई.

त्याच्या सायकलीच्या दांडीवर बसून ही पोरगी बाजारात यायची. डोक्यावर कायम ओढनी. लोकांना वाटायचं, मुसलमानाची पोर, म्हनून ओढनी. तसं न्हाई. तिला उजवा कानच न्हाई, जल्मापासनं. कानाच्या जागी शेंगदान्याएवढं मांस. मला म्हाईत, कारन एकदा वावटळीत तिची ओढनी उडाली आन मीच पळत जाऊन आनून दिली. सात-आठ वर्सांची असंल तवा. हातानं कान झाकून शेळ्यांच्या मधी खाली बसली हुती बिचारी. मी ते कोनाला बोलले न्हाई, तिला बी न्हाई.

तीच पोर शिकत शिकत डाक्टरच्या बी वरचं काय असतंय ते करायला आली, आन गोठ्यात मला बघून वरडली, "झुंबरमावशी! तुम्ही आहात म्हणजे माझ्या शेळ्यांची काळजी मिटली."

माझ्या शेळ्या म्हने! मी म्हन्ले, "तुझ्या कशाच्या? शेळी कोनाला वळखते ते बघ आधी." चांदी, म्हंजी कळपातली सगळ्यात थोरली, माझ्या पदराला तोंड लावून उभी हुती. सिमरन हसली. ओढनी मात्र तिनं हसताना बी धरून ठेवली हुती.

आता तिचं काम काय हुतं ते सांगते. मला समजलं म्हंजी तुमाला बी समजंल. कान नसलेली लेकरं जन्माला येत्यात. त्यांना कान करून द्यायचा तर डाक्टर बरगडीतली कुर्ची, म्हंजी मऊ हाड, काढून कोरत्यात, म्हंजी कानासाठी छाती फाडायची. सिमरननं एक मऊ जाळीदार तुकडा केला हुता. तो शेळीच्या कानाला भोक पाडून त्यात बसवायचा आन त्याच्या आधारानं कानाची आपलीच कुर्ची भरत येते. भरली की तुकडा अंगातल्या अंगात विरघळून जातो. "मावशी, दोडक्याचा वेल चढेपर्यंत मांडव लागतो ना?" ती म्हन्ली. "हा मांडव असा, की वेल चढला की आपोआप नाहीसा होतो." मी इचारलं, कशाचा करतेस? तर म्हन्ली, त्यात मुख्य लिंबूसत्त्व. ढोकळ्यात टाकतो ते! मला वाटलं, पोरगी माझी फिरकी घेतीय.

आन गंमत पुढंच हाय. त्या तुकड्यावर जांभळा दिवा धरला की तो सोताहून चमकतो, निळा. वरनं रंग लावलेला न्हाई, त्याचा अंगचाच गुन. म्हनून शेळीला न कापता कळतं की आत मांडव किती उरलाय. उजेड कमी झाला, म्हंजी मांडव विरघळत चालला.

चौघींच्या कानात तुकडे बसवायचे आन दोघी तशाच ठेवायच्या, तुलनेला, असं ठरलं. चांदीची पाळी आली त्या दिवशी मी सिमरनशी कडाकडा भांडले. आमी बी कळपाची खून म्हनून शेळीच्या कानाला खाच पाडतो, पन ती नखाएवढी. हितं रुपयाएवढं भोक! भूल दिली, चांदीला कळलं बी न्हाई. मीच बाहेर पायरीवर बसून रडले. सिमरन हात धुऊन आली आन माझ्याजवळ बसली. "मला आता सवय झाली आहे मावशी," ती हळूच म्हन्ली. "पण पुढच्या एखाद्या पोरीला माझ्यासारखी ओढणी धरून बसायला लागू नये." तिनं कानाबद्दल मला सांगितलेलं ते पहिलं. मी डोळे पुसले आन चांदीला उठवायला गेले.

दर पंधरवड्याला अंधाऱ्या खोलीत फोटो निघायचा. मी शेळी धरायची, हातात रबरी मोजे, डोळ्याला पिवळा चष्मा. पहिल्या डावाला मी चष्मा जरा वर करून बघितलंच. अगं बया! चांदीच्या कानात कोनी निळं फूल खोवल्यावानी उजेड. सिमरननं लगेच दम भरला, "मावशी, डोळे जातील, चष्मा खाली!" मग परत वर केला न्हाई. समदे पडद्याकडंच बघायचे. पडद्यावर रंग नसतो, नुसतं काळं-पांढरं. पन दर डावाला ते पांढरं कमी कमी व्हायचं आन सिमरनचा चेहरा खुलायचा. "विरघळतंय, मावशी!" मी घरी जाऊन सांगायचे, आमच्या सिमरनचं विरघळतंय. आमचे हे म्हनायचे, काय विरघळतंय? मी म्हनायचे, तुमाला न्हाई कळायचं.

आता माझी चूक.

आषाढ लागला, चिखल झाला आन माश्यांनी नुसता उच्छाद मांडला. चांदीनं कान जाळीवर घासला आन बारीकसं खरचटलं. शेळीच्या जखमेवर माशी बसली म्हंजी दोन दिवसांत किडे. सिमरननं पहिल्या दिवशीच बजावलं हुतं, "कानाला काहीही लावायचं नाही. पाणी लावायचं तरी मी लावीन. ओरखडा दिसला की मला सांगायचं." मी ऐकलं हुतं, अंगठा बी दिला हुता. पन ती चार दिवस पुण्याला गेल्ती, आन एवढ्याशा ओरखड्यापायी फोन काय करायचा? माझ्या आईनं, तिच्या आईनं, समद्यांनी जे लावलं तेच मी लावलं. हळद, कोमट तेलात कालवून. आन चांदीला लावली तर बाकी तिघींच्या बी कानांना लावली, माशी काय इचारून बसते व्हय? त्या तुलनेच्या दोघींचे कान धडधाकट, त्यांना न्हाई लावली. चार दिवस लावली. ओरखडा बरा झाला. मग फोटोच्या दिवशी सकाळी साबनाच्या पान्यानं चारी कान असे घासले, असे घासले, की पिवळेपनाचा ठिपका राहिला न्हाई. सिमरनला सांगितलं न्हाई. उगं पोरीच्या जिवाला घोर कशाला, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हंजी, बोलनं खायचं नव्हतं मला.

दिवा लागला. पडद्यावर चांदीचा कान पांढराफटक. नुसत्या भोकाची जागा न्हाई, पार टोकापतूर! दुसरी शेळी आनली, तेच. तिसरी, चौथी, तेच. त्या दोघी साध्या शेळ्या मात्र काळ्याशार. वाल्मिक सर म्हन्ले, "सिमरन, हे विरघळत नाहीये. हे फुटून सगळ्या कानात पसरलंय. असं पसरणारं काही आपण लेकराच्या अंगात घालू शकत नाही." सिमरन नुसती पडद्याकडं बघत हुती. सर म्हन्ले, सोमवारी पुण्याहून तपासनीस येनारच हायेत, त्यांना हेच दाखवायचं आन काम थांबवायचं. "चार वर्षं, सर," सिमरन एवढंच म्हन्ली. तिचा आवाज मला वळखू आला न्हाई.

तेवढ्यात चांदीनं हिसडा दिला आन माझा मोजा फाटला. तिला धरायला हात दिव्याखाली गेला. आन मी बघितलं. फाटक्या मोज्यातनं बाहेर आलेली माझी दोन बोटं पेटली हुती. सकाळी साबनानं धुतलेली, सोच्छ बोटं, आन नखांच्या कडंनी नुसती लखलखत हुती.

मला तिथंच समजलं. मी मूठ मिटली आन हात पदराखाली घेतला. व्हय, लपवला. सांगते तर समदं सांगते. आयुष्यात माझ्या हातानं जनावर बिघडलं असं कोनी म्हनलं नव्हतं, आन आता सरांपुढं, समद्यांपुढं ते म्हनायचं माझ्या जिभेवर येईना. गोठ्यातनं काढतील ही भीती हुतीच. पन त्याहून मोठी भीती, सिमरन माझ्याकडं कशी बघंल. मी शेळी घेऊन बाहेर गेले. मागं ती पोर भिंतीला टेकून उभी हुती.

मधल्या बाजाराच्या दिवशी मी राहात्याला गेले, एक बोकड इकायचा हुता. अजीजभाई भेटला, तोंडभर हसत. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. चार व्यापाऱ्यांना गोळा करून सांगत हुता, "ही झुंबरअक्का, माझ्या सिमरनच्या कामात हाय. सिमरन म्हनती, अक्का न्हाई तर काम न्हाई." मग त्यानं रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आन खाली माझी बोटं धरली. तीच दोन बोटं. मला चटका बसल्यासारखं झालं. मी हात वढून घेतला.

"काय झालं अक्का? भाव तर सांगितलाच न्हाई मी अजून!"

"अजीजभाई," मी म्हन्ले, "आज माझ्या बोटांना भाव न्हाई." बोकड तिथंच त्याच्याकडं सोडला, म्हन्ले सांभाळ, आन पुढच्या जीपनं कॉलेज गाठलं. पन तिथं सर नव्हते, सिमरन नव्हती, गोठ्यात नुसत्या शेळ्या. म्हन्ले, ठीक हाय. सोमवारीच, समद्यांपुढंच सांगीन. फेडायचं तर तिथंच, जिथं केलं.

सोमवारी पुण्याहून दोघं आले. त्यातल्या एक बाई मोठ्या असाव्यात, सर त्यांना 'मॅडम, मॅडम' करत हुते. अंधारी खोली, पडद्यावर ते पांढरे कान. सर कागद वाचायला लागले. मी म्हन्ले, "थांबा."

सर म्हन्ले, "झुंबरबाई, नंतर."

"नंतर न्हाई. आत्ता. तो दिवा लावा." कोनी हलंना तर मीच बटन दाबलं. पहाटेपासनं तीन डाव साबनानं हात घासले हुते. उजेडात समद्यांना दावले, सोच्छ. मग मोज्याबिगर दोनी हात दिव्याखाली धरले. बोटं पेटली. "ही हळद हाय," मी म्हन्ले. "ह्याच हातांनी मी चारी शेळ्यांच्या कानांना लावली. पोरीनं मला बजावलं हुतं, मी ऐकलं न्हाई. लपवली बी. तिच्या तुकड्यात खोट न्हाई. खोट माझ्यात हाय. आता मला काढायचं तर काढा, पन तिचं काम थांबवू नका."

सरांचा पारा चढला. "तुम्हाला कल्पना आहे का, तुम्ही काय केलंत? चार वर्षांचं काम!" मी मान खाली घातली न्हाई. बोलनं खायलाच उभी हुते. सिमरन माझ्याकडं बघत बी नव्हती. ती माझ्या हातांकडं बघत हुती. तिनं माझं मनगट धरलं, दिव्याच्या आनखी जवळ नेलं, आन कधी न्हाई तो सोताचा चष्मा बदलून दुसरा, बिनरंगाचा घातला.

"पिवळट हिरवा," ती म्हन्ली. "सर, आपला उजेड निळा आहे. हा पिवळट हिरवा आहे. कॅमेऱ्याला रंग दिसत नाही, म्हणून आपल्याला सगळं एकच दिसलं!" मग एकदम माझ्यावर वरडली, "मावशी, त्या दोघींना पण लावायची होती ना हळद! तुकडा नसताना त्या चमकल्या असत्या, त्याच दिवशी कळलं असतं!"

आता घ्या! लावली म्हनून रागवायचं का लावली न्हाई म्हनून? मॅडम खुदकन हसल्या. सर न्हाई हसले.

सिमरननं कापसाला स्पिरिट लावलं आन चांदीचा कान पुसला. साबनानं जे गेलं न्हाई ते स्पिरिटनं निघालं, कापूस पिवळा झाला. एक बोळा, दुसरा, तिसरा. सहावा बोळा पांढरा निघाला. कॅमेऱ्यापुढं तिनं एक काच बसवली, निळं तेवढंच आत सोडनारी. दिवा लावला. पडद्यावर समदा कान काळा, आन मधी मुगाच्या डाळीएवढा एक फिका ठिपका. मॅडम पुढं वाकल्या, किती तरी येळ बघत राहिल्या. मग म्हन्ल्या, "काम चालू ठेवा. पण ह्या महिन्यातले सगळे फोटो पुन्हा, दोन्ही रंगांचे वेगळे. आणि हळदीचं जे झालं ते अहवालात जसंच्या तसं लिहा."

"लिहिणार," सिमरन म्हन्ली. "नावासकट."

मला वाटलं, झालं, माझी बदनामी आता पुण्यापतूर. पन मला काढलं न्हाई. उलट त्या दोघी साध्या शेळ्यांच्या कानांना हळद लावायचं काम माझ्यावर आलं, सरकारी हुकुमानं! म्हंजी नुसती हळद कशी दिसते त्याचा पुरावा. सर सोता वही घेऊन उभे. "झुंबरबाई, तेल किती? हळद किती?" मी म्हन्ले, चिमूटभर. "चिमूटभर म्हणजे किती?" मी त्यांच्या तळहातावर चिमूट ठेवली. त्यांनी ती काट्यावर मोजली. मग माझ्याकडून आनखी पाच चिमटी घेतल्या, सहाच्या सहा सारख्या भरल्या. सरांनी वहीत त्या आकड्याखाली दोनदा रेघ मारली.

श्रावन सरला, भादवा लागला. शेवटचा फोटो. पुण्याच्या मॅडम आल्या, आन सिमरननं अजीजभाईला बी बोलावलं हुतं. इस्त्रीचे कपडे घालून, अत्तर लावून आलता. चांदीला मी धरलं, मोजे नवे. दिवा लागला. पडदा काळा. साफ काळा. मुगाची डाळ न्हाई, कनी न्हाई. बाकी तिघींचं बी तेच.

अजीजभाई घाबरून माझ्या कानाशी म्हन्ला, "अक्का, काहीच दिसंना. बिघडलं काय?"

"गप रे!" मी म्हन्ले. "काही दिसत न्हाई हेच तर पाह्यजे हुतं."

दिवे लागले. वाल्मिक सर चांदीजवळ आले, एक कान चाचपला, दुसरा चाचपला, आन गोंधळले. "कोणता कान होता?" मोठे सर, आन मला इचारत हुते! मी चांदीचा डावा कान हातात घेतला. चाळीस वर्सं हीच बोटं शेळ्यांचे कान धरतात, त्यांना अंधारात बी खाच कळते. कुठं खड्डा न्हाई, कुठं गाठ न्हाई, कान ऊबदार आन सलग. "हा," मी म्हन्ले, "पन आता मला बी म्हाईत हाय म्हनून सांगते, हाताला कळत न्हाई."

अजीजभाईला तेवढ्यात सुचलं, "आरं बापरे, मग आता चोरांची चंगळ! खाच बुजवली की शेळी कोनाची बी." समदे हसले. तो हसता हसता डोळे पुसायला लागला आन रुमाल शोधायला लागला.

मॅडम म्हन्ल्या, पुढचा टप्पा मोठा हाय, अख्ख्या कानाचा, चोवीस शेळ्यांचा. राखायला मानूस कोन? सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हन्ले, "माझ्या हातनं एकदा चूक झालीय. सिमरनला इचारा."

सिमरन माझ्यापुढं येऊन उभी राहिली. व्यापाऱ्याचीच पोर ती. "मावशी, सौदा करायचा का?" म्हन्ली. "अब्बा, रुमाल द्या." अजीजभाईचा रुमाल ओला झाल्ता. तो खिसे चाचपत राहिला.

मग सिमरननं डोक्यावरची ओढनी काढली. तिथंच, सरांपुढं, पुण्याच्या मॅडमपुढं, समद्यांपुढं. ती आमच्या हातांवर टाकली. तिचा तो उजवा कान, शेंगदान्याएवढा, उघडा हुता आन तिनं तिकडं हात सुद्धा नेला न्हाई. ओढनीखाली तिनं माझी दोन बोटं धरली न्हाईत, तीन धरली न्हाईत. माझा अख्खा हात धरला.

"कबूल?" तिनं इचारलं.

"कबूल," मी म्हन्ले.